लँगरहान्स यांची बेटे

मधुमेहाची चर्चा निघाली की ‘लँगरहान्सची बेटे’ हा शब्दप्रयोग हमखास कानावर येतो. ही बेटे समुद्रात नाहीत. ती आपल्या स्वादुपिंडात आहेत. ज्यांचे नाव त्यांना लाभले, ते पाउल लँगरहान्स २५ जुलै १८४७ रोजी बर्लिन येथे एका डॉक्टरांच्या घरी जन्मले. विद्यार्थिदशेतच, १८६८ साली, त्यांनी मानवी त्वचेवर सुवर्णक्षाराची प्रक्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात, असा त्यांचा समज झाला. पुढच्याच वर्षी पदवीच्या प्रबंधात त्यांनी स्वादुपिंडातील पेशींच्या लहान पुंजांचे वर्णन केले. त्यांचे कार्य आपणास ठाऊक नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले.

फ्रायबुर्ग येथे अध्यापन करीत असता १८७४ मध्ये त्यांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते पोर्तुगालच्या मादेइरा बेटावर गेले आणि फुंशाल येथे स्थायिक झाले. रुग्णांवर उपचार आणि समुद्रकृमींचा अभ्यास यांत त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. २० जुलै १८८८ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ते निवर्तले. वयाची एक्केचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या दोन शोधांतील नाते उलगडण्यास शंभर वर्षे लागली. त्वचेतील त्या पेशी पहारेकरी निघाल्या. शिरलेल्या जंतूचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडावयाचे आणि लसिकाग्रंथीत जाऊन टी पेशींना शत्रूची ओळख पटवावयाची, हे त्यांचे काम. असे पहारेकरी शरीरात अन्यत्रही असतात आणि ते स्वकीय प्रथिनांचे तुकडेही दाखवितात. एरवी टी पेशी त्यांकडे दुर्लक्ष करतात. हा संयम सुटला, की त्या स्वादुपिंडातील बेटांवरच तुटून पडतात. इन्शुलिन आटते आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह जडतो.

हा विकार पुष्कळदा कोवळ्या वयात होतो आणि दोष मात्र आईच्या लाडांवर, मिठाईवर येतो. तो आरोप निराधार आहे. १९२१ मध्ये हाती आलेले इन्शुलिन अशा मुलांचा प्राणाधार आहे. ते सोडून जडीबुटीच्या नादी लागणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणे होय. ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगण्याचे धैर्य विशीतील एका विद्यार्थ्याने दाखविले. फुकटचा सल्ला देणाऱ्यांनी तेवढे जरी दाखविले, तरी कितीतरी मुलांचे प्राण वाचतील.