डॉ. कमल रणदिवे : परळच्या प्रयोगशाळेपासून अकोले तालुक्यापर्यंत

स्मरणिकेतील चरित्रलेखासाठी यंदा कोणाची निवड करावी, यावर संपादक मंडळात बरीच चर्चा झाली. समाजसुधारकांची आणि चळवळीतील कार्यकर्त्यांची चरित्रे आपल्या स्मरणिकेत नेहमीच येतात व ती यावीतच. परंतु विज्ञानशाखेकडे वळणाऱ्या आपल्या मुलींना प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या एखाद्या मराठी स्त्रीची ओळख असावी, असे आम्हांस वाटले. शिवाय जिच्या कार्याचा अखेरचा टप्पा आपल्याच जिल्ह्यातील आदिवासी गावांपर्यंत येऊन पोहोचला, तिच्याविषयी या जिल्ह्यात फारसे कोणी बोलत नाही, ही उणीवही आम्हांस जाणवत होती. म्हणून कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन भयप्रद व्याधींवर संशोधन करणाऱ्या डॉ. कमल जयसिंग रणदिवे यांचे चरित्र येथे मांडत आहोत.

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे समरथ कुटुंबात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुशार आहे, तिने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या उत्तम रीतीने पदवीधर झाल्या.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक नोंद करणे आम्ही आवश्यक समजतो. हुजूरपागेची शाळा १८८४ साली सुरू झाली. त्याआधी ३६ वर्षे, १८४८ मध्ये, महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी त्याच पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली होती, आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा धागा आपल्या नगरमधील मिस फरार यांच्या संस्थेशी जोडलेला आहे. कमल यांच्या पिढीतील सुशिक्षित घरांतल्या मुली ज्या वाटेने महाविद्यालयापर्यंत गेल्या, ती वाट शेणमातीचा मारा सोसून कोणी मोकळी केली, हे विसरता येत नाही. ज्ञानाचे दार आधीच उघडे असलेल्या घरात कमल जन्मल्या, हे खरे. त्या दारातून आत गेल्यावर त्यांनी जे केले, ते मात्र सर्वस्वी त्यांच्या श्रमाचे आहे.

वडिलांची इच्छा वैद्यकाची असली तरी कमल यांचा ओढा मूलभूत जीवशास्त्राकडे होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे यांचा अभ्यास करून १९४३ मध्ये एम. एस्सी. पदवी मिळवली. दरम्यान १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. लग्नानंतर शिक्षण थांबण्याच्या त्या काळात पतीने त्यांच्या अभ्यासाला मदत केली. संसार मुंबईस हलला आणि तेथे टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांना काम मिळाले.

हे रुग्णालय १९४१ साली परळ भागात सुरू झाले. भोवताली कापडगिरण्या, गिरणी कामगारांच्या चाळी, आणि गावकुसाबाहेरचे जिणे मागे टाकून मुंबईच्या आश्रयास आलेली आपलीही असंख्य माणसे. तेथील विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतीय वैद्यकीय संशोधनातील फार मोठे नाव. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. बाबासाहेबांनी याच मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते १९४६ साली. एका बाजूस भारतीय स्त्री संशोधनाच्या सर्वोच्च पदवीपर्यंत पोहोचत होती, दुसऱ्या बाजूस आपली पहिली पिढी महाविद्यालयाची पायरी चढत होती. हे दोन्ही काळ एकत्र ठेवून पाहिले म्हणजे अंतर किती होते आणि आज ते किती कापले गेले, याचा अंदाज येतो.

पीएच. डी. नंतर डॉ. रणदिवे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या नळीत जिवंत पेशी वाढवण्याचे तंत्र, हा डॉ. गाय यांचा विषय. रोपवाटिकेत रोप वाढवावे तसे हे काम वरवर वाटते, पण ते अतिशय नाजूक असते. शरीरातून काढलेल्या पेशींना शरीराइतकीच ऊब हवी, अन्नद्रव हवा, आणि बाहेरचा एकही जंतू आत जाता कामा नये. जरा हयगय झाली की आठवड्यांची मेहनत वाया जाते. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्कपेशी प्रथम अखंड वाढू लागल्या. पोलिओच्या लसीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत जगभरच्या संशोधनात त्या पेशी वापरल्या गेल्या. मात्र त्या घेताना त्या बाईंची संमती कोणी विचारली नव्हती आणि कुटुंबाला कित्येक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. त्या ज्या रुग्णालयात वारल्या, तेथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळा कक्ष होता. वेगळ्या पाणवठ्याचा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे, त्या आपल्या वाचकांना या वेगळ्या कक्षाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. विज्ञानाच्या थोर इमारतीच्या पायात कोणाकोणाची शरीरे आहेत, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. तो विचारल्याने त्या विज्ञानाचे मोल कमी होते, असे आम्हांस वाटत नाही.

शिक्षण संपवून डॉ. रणदिवे मायदेशी परतल्या. डॉ. खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा स्थापन केली. परदेशातून तयार द्रव आणि रसायने मागवणे महाग आणि वेळखाऊ. तेव्हा १९६० नंतरच्या काळात सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी संवर्धनाचे द्रव आणि लागणारी द्रव्ये येथेच बनवली. पुरस्कारांच्या यादीत असल्या कामाची नोंद होत नाही. आमच्या मते मात्र त्यांच्या कार्यातील हा फार महत्त्वाचा भाग आहे, कारण त्यामुळे पुढच्या संशोधकांना दर वेळी बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागले नाही. पुढे पेशीजीवशास्त्र, प्रतिकारशक्तिशास्त्र आणि कर्कजनन या विषयांचे नवे विभाग त्यांनी उघडले आणि १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुरा वाहिली.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग. उंदरांच्या काही जातींत हा रोग पुष्कळ आढळतो, काहींत क्वचितच. १९३६ मध्ये जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, रोगप्रवण जातीच्या पिलांना निरोगी जातीच्या मादीचे दूध पाजून वाढवले तर त्यांच्यात गाठी कमी होतात. अर्थात रोगाचे काहीतरी कारण मातेच्या दुधातून येत होते. हे कारण म्हणजे एक विषाणू, हे पुढे निश्चित झाले. डॉ. रणदिवे यांनी याच मार्गाने वेगवेगळ्या जातींच्या उंदरांवर दीर्घकाळ अभ्यास केला. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परांशी मेळ बसला की रोग उद्भवण्याची शक्यता वाढते, असा संबंध त्यांनी दाखवला. कर्करोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप किंवा कोणाची करणी, असे मानणाऱ्या समाजात, रोगाला कारणे असतात आणि ती शोधता येतात, हे प्रयोगाने दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती. उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लागू होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. मनुष्याच्या स्तनाच्या कर्करोगात तसा विषाणू सिद्ध झालेला नाही. परंतु विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध असू शकतो, हा विचार पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत खरा ठरला आणि त्यावर आज प्रतिबंधक लस उपलब्ध आहे.

तंबाखू आणि सुपारी यांवरचे त्यांचे काम आपल्या घराघरांशी अधिक जवळचे आहे. भारतीय तंबाखूच्या वेगवेगळ्या अंशांचे प्राण्यांवरील परिणाम त्यांनी व सहकाऱ्यांनी तपासले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखूबरोबर सुपारीचीही परीक्षा होती. सुपारी निरुपद्रवी, दोष काय तो तंबाखूचा, असा सार्वत्रिक समज होता, आणि आपल्याकडे पानसुपारी तर मानाची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा अशा जुन्या अभ्यासांचे महत्त्व ठळक झाले. नगर जिल्ह्याच्या खेड्यांत सकाळी चुलीपाशी बसून मिसरी लावणाऱ्या आया-आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

कुष्ठरोगावरील संशोधनाकडे आम्ही विशेष आत्मीयतेने पाहतो. शरीरातील दोषामुळे माणसाला वस्तीबाहेर काढणे आणि जन्मामुळे वस्तीबाहेर काढणे, यांतील नाते आपल्या समाजाने अनुभवलेले आहे. सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याला तथागतांनी धम्म सांगितल्याची कथा उदानात आहे, ती आपल्या मुलांना ठाऊक असते. आपल्या देशातील कायदा मात्र फार काळ निष्ठुर राहिला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ साली.

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला, तरी कृत्रिम माध्यमात तो आजवर कोणालाच वाढवता आलेला नाही. सामान्य जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला साधारण दोन आठवडे लागतात. डॉ. रणदिवे, डॉ. बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र येथे वापरले आणि १९५८ मध्ये कुष्ठरुग्णांच्या गाठींतून घेतलेल्या नमुन्यांतून मज्जापेशींच्या संवर्धनात एक जंतू वाढवला. केंद्राच्या नावावरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. तो प्रत्यक्ष कुष्ठजंतू नाही, त्याच्या नात्यातील दुसऱ्या गटाचा आहे, असे पुढे ठरले. पण त्याचे काही गुण कुष्ठजंतूशी इतके जुळत होते की, किरणोत्साराने मारलेल्या या जंतूपासून डॉ. देव व डॉ. बापट यांनी १९७९ च्या सुमारास लस तयार केली.

तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९९१ पासून सुमारे १ लाख ७१ हजार स्वयंसेवकांवर निरनिराळ्या लसींची तुलनात्मक चाचणी झाली. तीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, तर साध्या बीसीजीने सुमारे ३४ टक्के. एवढे यश मिळूनही ती घराघरांत पोहोचली नाही. तोवर बहुविध औषधोपचार देशभर पसरले होते, रुग्णसंख्या झपाट्याने घटत होती आणि सरसकट लसीकरणाची निकड उरली नव्हती. विज्ञानात असे घडते. एका वाटेने कोणी डोंगर चढत असतो, तोवर दुसऱ्या वाटेने दुसरा माथ्यावर पोहोचतो. रोग हटतो आहे यातच समाधान मानावे लागते. चांगल्या लसीला उशीर झाला याची हळहळ मात्र आम्हांस वाटते.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, सुवर्णपदक व पंधरा हजार रुपये यांसह त्यांना देण्यात आला. १९८२ मध्ये पद्मभूषण लाभले. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. परदेशी गेलेल्या तरुण भारतीय संशोधकांनी परत यावे, असा त्यांचा आग्रह असे आणि अनेकांनी तो मानला. स्त्रियांना विज्ञानात एकट्याने झगडावे लागू नये, म्हणून १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. संशोधक मातांच्या मुलांचे संगोपन, वसतिगृह असले प्रश्न या संघाने हाती घेतले. आपल्या वसतिगृहात मुली शिकतात, त्यामुळे डोक्यावर निश्चिंत छप्पर असणे म्हणजे काय, याचे मोल आपण जाणतो.

निवृत्तीनंतर त्या आपल्या जिल्ह्यात आल्या. अकोले तालुका म्हणजे कळसूबाईचा परिसर, भंडारदरा, राजूर. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची येथे मोठी वस्ती. येथील सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने डॉ. रणदिवे यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली आणि कुपोषणाविषयी उपयुक्त माहिती गोळा केली. महिला वैज्ञानिक संघामार्फत शासनाच्या सहाय्याने चाललेल्या प्रकल्पांत खेड्यांतील स्त्रियांच्या कर्करोगाविषयी मार्गदर्शन केले, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले, आहाराविषयी माहिती दिली.

आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहिलेल्या या बाई उतारवयात मुलांचे वजन आणि घरातल्या धान्याची विचारपूस करू लागल्या, याचे काहींना नवल वाटते. आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. उपाशी मुलाची प्रतिकारशक्ती खालावते, जखम लवकर भरत नाही, साधा गोवर किंवा हगवण जीवावर बेतते. पेशीला अन्न मिळाले नाही तर ती काचेच्या नळीतही मरते आणि डोंगरातल्या झोपडीतही. एवढेच की झोपडीतल्या उपासमारीचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते जमिनीच्या वाटणीत, मजुरीच्या दरात आणि जंगलावरच्या हक्कात शोधावे लागते, आणि ते काम प्रयोगशाळेचे नसून समाजाचे आहे. त्याबाबत आपली भूमिका बाबासाहेबांनी आखून दिलेली आहे. डॉ. रणदिवे यांच्या कार्यात हा भाग नाही, म्हणून त्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. मोजमाप करून वस्तुस्थिती समोर ठेवणाऱ्याची गरज चळवळीलाही असते.

डॉ. कमल रणदिवे यांचे निधन ११ एप्रिल २००१ रोजी झाले. तो दिवस महात्मा फुले यांच्या जयंतीचा होता. २०२१ मध्ये त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी गूगलने आपल्या पानावर सूक्ष्मदर्शकाजवळ त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा जगभर अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. अकोले तालुक्यातील ज्या बायकांना त्यांनी आरोग्याचे धडे दिले, त्यांना मात्र ते आधीपासून ठाऊक होते.