नाबोथचा मळा आणि मुळशीचं पाणी

आजची वाचनं: १ राजे २१:१-१६, मत्तय ५:३८-४२

शनिवारी ताम्हिणीला गेलो होतो. पाऊस नुकताच लागलाय, पण मी धबधबे बघायला नाही, प्लॉट बघायला गेलो होतो. समोर मुळशीचा जलाशय, मागे डोंगर, अकरा गुंठे. फार्महाऊसचा नकाशा मनात तयार होता, मागे भाजीचे दोन वाफेसुद्धा.

आणि आज वाचनात अहाब राजा! त्यालाही राजवाड्याशेजारी भाजीपालाच लावायचा होता. बदल्यात दुसरा मळा किंवा रोख पैसे द्यायला तो तयार होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण जमीन वाडवडिलांची होती. शेवटी त्याला दगडमार करून संपवलं.

मित्रांनो, वाचता वाचता मला ते पाणी परत दिसलं. त्याखाली गावं आहेत. टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती. मुळशीचं पाणी अडवून ते घाटाखाली भिऱ्याला सोडायचं होतं. जमिनी घ्यायला सरकारी कायदा होता, नुकसानभरपाईही होती. मावळ्यांचं उत्तर नाबोथचंच होतं. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि त्यातून एका माणसाला सेनापती हे नाव मिळालं: पांडुरंग महादेव बापट. माझं ऑफिस त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. रोज एस. बी. रोड म्हणतो, पण हा एस. बी. कोण, हे इतकी वर्षं कधी विचारलंच नव्हतं.

बापटांचा जन्म १८८० चा, पारनेरचा. डेक्कन कॉलेजनंतर शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबर्गला गेले, इंजिनिअरिंग शिकायला. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. पॅरिसला बॉम्बची कृती शिकून परतले, भूमिगत राहिले, तुरुंगात गेले. सुटल्यावर पारनेरला त्यांनी हातात झाडू घेतला आणि रोज गावचे रस्ते झाडू लागले. हे काम ज्या काळात जातीने ठरायचं, त्या काळात!

मुळशी त्यांचं गाव नव्हतं, तरी ते तिथल्या लोकांसाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. पुढे लढ्यात फूट पडली. बऱ्याच जमिनी ज्या सावकारांच्या नावावर होत्या, ते मोबदल्याला तयार झाले. कसणारे एकटे पडले. १९२४ साली बापटांनी साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, तेव्हा त्यांच्या हातात पिस्तूल होतं. सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच. बापट १९६७ साली गेले.

इथे मी अडलो. कारण आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दुसरा गाल पुढे करायला सांगतो. गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप रोमेरो १९८० साली मिस्सा अर्पण करताना मारले गेले, तेव्हा त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. प्रभूचा रस्ता तोच, याबद्दल मला शंका नाही. त्यामुळे बापटांचं पिस्तूल मी बरोबर ठरवू शकत नाही. पण त्यांना दोष देण्याआधी मी स्वतः कुठे उभा आहे, ते तर बघू.

वाचन पुन्हा वाचलं. राणीची पत्रं गावातल्या वडीलधाऱ्यांना आली. त्यांनी नाबोथशी भांडण नसतानाही सांगितलं तसं केलं. एकानेही प्रश्न विचारला नाही. मला माझी जागा तिथे सापडली. शनिवारी एजंटला मी रस्ता, पाणी, कर्ज, सगळं विचारलं. ही जमीन आज कोण कसतंय आणि ती विकायला तो खरंच राजी आहे का, एवढंच विचारलं नाही.

आज टोकन पाठवायचं होतं. पाठवलेलं नाही. आधी त्या शेतकऱ्याला भेटणार आहे. उद्याच्या वाचनात एलीया त्याच मळ्यात अहाबसमोर उभा राहतो. त्याआधी मला हा प्रश्न स्वतःहून विचारायचाय.

प्रार्थना: हे प्रभू, जे मला हवंहवंसं वाटतं, त्याखाली कुणाचं घर बुडालंय का, हे बघायची नजर दे. गप्प बसण्याच्या पापापासून मला सोडव. आमेन.