राज्य गेले, रुग्णसेवा उरली : तंजावरचे सरफोजीराजे

कुंभकोणम : कावेरीच्या काठावरील या तीर्थनगरीचा परिसर एकेकाळी तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यात होता. १७९९ च्या तहाने तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि ठरावीक तनखा एवढेच उरले. हे राजे म्हणजे दुसरे सरफोजी. राज्यकारभार हातून गेलेल्या या मराठी राजाने आपले उर्वरित आयुष्य ग्रंथसंग्रह, शिक्षण आणि रुग्णसेवा यांना वाहिले.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले; परंतु राजांच्या निधनानंतर गादी त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे गेली. जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी या पोरक्या मुलाचा सांभाळ केला. पुढे मद्रास येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १७९८ मध्ये ते गादीवर बसले. पदच्युत अमरसिंग कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले.

सत्ता संकुचित झाली तरी सरफोजींची जिज्ञासा संकुचित झाली नाही. त्यांना मानवी शरीररचनेचा अभ्यास करावयाचा होता; मात्र अस्थींचा स्पर्श धर्माचाराला मान्य नव्हता. तेव्हा त्यांच्यासाठी हस्तिदंती सांगाडा मागविण्यात आला. आचार न मोडता ज्ञान मिळविण्याचा हा मार्ग त्यांच्या स्वभावाशी सुसंगत होता.

याच वृत्तीतून ‘धन्वंतरी महाल’ उभा राहिला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक या चारही परंपरांचे जाणकार एकत्र काम करीत. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधे तयार होत. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली जात.

नेत्ररुग्णांच्या नोंदी हा या कार्याचा सर्वांत मोलाचा ठेवा होय. त्या काळी मोतीबिंदूवर सुईने उपचार करण्याची पद्धत प्रचलित होती. गढूळ झालेले भिंग बुबुळामागून बाजूला सारले जाई. ईथर देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याचे जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेत १८४६ मध्ये झाले आणि डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचा वापर १८८४ मध्ये सुरू झाला. म्हणजेच सरफोजींच्या काळात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असे. अशा वेळी हाताचे कौशल्य आणि उपचारानंतरची निगा यांवरच त्याची वेदना व दृष्टी अवलंबून असे. प्रत्येक रुग्णाची हकिकत इंग्रजीत लिहून ठेवणे आणि डोळ्यांची चित्रे जतन करणे, ही शिस्त या नोंदींत दिसते. आधीच्या रुग्णाचा अनुभव पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडावा, यासाठी याहून चांगले साधन नव्हते. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत, असे मानले जाते. ही हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

रुग्णाची काळजी महालापुरती मर्यादित नव्हती. रामेश्वरच्या यात्रामार्गावरील छत्रांमध्ये यात्रेकरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि बाळंतिणींना देखभाल मिळे. अनाथ मुलांना आश्रय व शिक्षण दिले जाई. ही व्यवस्था कंपनीच्या हिशेबीपणात नष्ट होऊ नये, म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचे महत्त्व पटवून दिले. मुलूख देताना जे राजे हतबल होते, ते छत्रांच्या बाबतीत मात्र ठाम राहिले. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र आजही त्या परंपरेची साक्ष देते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. पुढे १८५५ मध्ये वारसाअभावी कंपनीने तंजावरचे उरलेसुरले राजपदही संपुष्टात आणले. ग्रंथ आणि रुग्णांच्या नोंदी मात्र टिकल्या.

आज हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन उपचार होतात आणि आसपासच्या पेशींना कमीत कमी इजा व्हावी, यासाठी नवी तंत्रे शोधली जातात. साधने पार बदलली. रोग हटवताना रोग्याला कमीत कमी त्रास कसा होईल, हा प्रश्न मात्र तोच आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवात आजही रुग्णाची नीट नोंद ठेवण्यापासूनच होते.