उशिरा येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवणारा मुत्सद्दी

अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांचा जन्म 1911 मध्ये मेक्सिकोतील सामोरा येथे झाला. कायद्याच्या अभ्यासानंतर ते परराष्ट्र सेवेत दाखल झाले. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांमुळे जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त करण्याच्या वाटाघाटींना त्यानंतर वेग आला. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

सर्व राष्ट्रांच्या संमतीची अट कायम राहिली असती, तर करार कागदावरच राहिला असता. अखेर तोडगा निघाला : ज्याची तयारी असेल त्याने ही अट स्वतःपुरती सोडून करार पाळू लागावे, उरलेल्यांनी मागाहून यावे. 14 फेब्रुवारी 1967 रोजी त्लातेलोल्को येथे स्वाक्षऱ्या झाल्या. परस्परांच्या अणुकार्यक्रमाविषयी साशंक असलेले ब्राझील व अर्जेंटिना मात्र दीर्घकाळ कराराच्या बंधनाबाहेर राहिले.

1982 मध्ये आल्वा मिर्दाल यांच्यासह गार्सिया रोब्लेस यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुलै 1991 मध्ये त्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांची तपासणी मान्य केली. 2 सप्टेंबर रोजी गार्सिया रोब्लेस यांचे निधन झाले. दोन्ही देशांना करार पूर्णपणे लागू झाला तो 1994 मध्ये.