तिसरा हात

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली दोन वर्षं जेवायला जागा नाही. नातवासाठी म्हणून आणलेल्या लेगोच्या विटा तिथे पसरलेल्या असतात. नातू केव्हाच त्यातून बाहेर पडला, अडकलो मी. सौभाग्यवतींनी आधी कटकट केली, मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्या काढून दिल्या. आता लाल एका बरणीत, पिवळ्या दुसरीत, असा माझा संसार आहे. या वयात हे काय, असं विचारणाऱ्यांना सांगतो की, जगभरात नोकरीपेशातली आणि निवृत्त झालेली हजारो माणसं हा नाद करतात. कंपनीनेही २०२० पासून मोठ्यांसाठीच्या खोक्यांवर वय अठराच्या पुढे असं छापायला सुरुवात केली. जुन्या विटांचे संग्राहक तर वेगळीच जमात! १९४९ सालची, बाजूला खाच असलेली वीट कुठे मिळाली, तर ती पानाच्या चुन्यासारखी जपून डबीत ठेवतात.

पण मला विटांपेक्षा त्या सुरू करणाऱ्या माणसाचंच अधिक कुतूहल. तो सुतार होता, आणि त्याने आपल्या आयुष्यातली बहुतेक वर्षं प्लॅस्टिकला हातही लावला नव्हता.

ओले कर्क क्रिस्तियानसेन हा डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या फिल्स्कोव्ह गावाजवळचा. जन्म ७ एप्रिल १८९१ चा. घर गरीब, भावंडं पुष्कळ. लहानपणी मेंढ्या राखताना चाकूने लाकूड कोरत बसायचा. थोरल्या भावाच्या हाताखाली सुतारकाम शिकला, मग जर्मनीत आणि नॉर्वेत जाऊन मजुरी केली. नॉर्वेतच त्याला किर्स्टिना भेटली. १९१६ साली तो परतला, लग्न केलं आणि बिलुंड नावाच्या गावात एक सुतारशाळा विकत घेतली. बिलुंड म्हणजे तेव्हा माळरानातलं एक किरकोळ खेडं. रेल्वेचा थांबा आणि चार घरं, एवढंच. आसपासच्या शेतकऱ्यांची घरं, गोठे, दारं-खिडक्या करून त्याचं बरं चाललं होतं. माणूस धार्मिक होता. कारखान्यातला दिवस प्रार्थनेने सुरू होई. थट्टामस्करीतही मागे नव्हता म्हणतात.

१९२४ च्या एका रविवारी पाच आणि चार वर्षांची दोन पोरं, कार्ल गेओर्ग आणि गोटफ्रेड, सुतारशाळेत खेळत होती. सरस तापवायची शेगडी पेटवायला गेली आणि लाकडाच्या भुशाने पेट घेतला. सुतारशाळा गेली, घरही गेलं. ओले कर्कने काय करावं? आधीपेक्षा मोठं घर बांधलं! दारात दोन सिंह बसवले. एका भागात स्वतः राहायचं आणि बाकीचा भाग भाड्याने द्यायचा, असा हिशेब. ते सिंहांचं घर बिलुंडमध्ये अजून उभं आहे. माझ्यातला बँकवाला इथे पहिल्यांदा भुवई उंचावतो.

दुसऱ्यांदा ती उंचावते १९३२ साली. जगभर मंदी आली. शेतकऱ्यांच्या मालाला भाव उरला नाही, त्यामुळे कोणी घर बांधेना. कामगारांना एकेक करून घरी पाठवावं लागलं. त्याच वर्षी किर्स्टिना गेली. मागे चार मुलगे, धाकटा सहा वर्षांचा. ओले कर्क तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. शिड्या, स्टुलं, इस्त्रीचे पाट असल्या घरगुती वस्तू तो करू लागला होता, आणि त्यांच्यासोबत उरलेल्या लाकडाची खेळणी. एका घाऊक व्यापाऱ्याने नाताळसाठी खेळण्यांची मोठी मागणी नोंदवली. माल तयार झाला आणि व्यापाऱ्याचं दिवाळं वाजलं. मग हा स्वतःच जुन्या मोटारीत खेळणी भरून दुकानोदुकानी फिरला.

भावंडांकडे मदत मागितली तेव्हा त्यांनी पैशांची सोय केली, पण अट घातली की ही खेळणी बंद कर, काहीतरी उपयोगाचं कर. त्याने पैसे घेतले आणि खेळणी करत राहिला.

मी भावंडांच्या बाजूचा आहे, हे कबूल करतो. तारण काय, तर गहाण पडलेली सुतारशाळा. माल कोणता, तर लाकडी बदकं. कर्जदार विधुर, घरात चार मुलं. माझ्यापुढे हा अर्ज आला असता तर मी लाल शाईने नामंजूर लिहून चहा मागवला असता. असता कशाला, मी एकदा तसं केलंही आहे. तालुक्याच्या गावच्या शाखेत असताना एक सुतार लेथ घ्यायला कर्ज मागायला आला होता. सोबत एक बैलगाडी आणली होती, वीतभर लांबीची. तिचं जू सुटं व्हायचं आणि चाकाला खरी धाव बसवली होती. मालाला बाजारपेठ नाही, असा शेरा मी मारला. नियमाने तो बरोबर होता. गाडी तो माझ्या टेबलावरच विसरून गेला. की ठेवून गेला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

असो. तिकडे बिलुंडमध्ये योयोची लाट आली. ओले कर्कने ढिगाने योयो केले, आणि लाट जशी आली तशी ओसरली. उरलेल्या योयोंचं त्याने काय केलं असेल? मधोमध कापले आणि त्यांची खेळण्यातल्या ट्रकना चाकं केली. १९३४ साली धंद्याला नाव हवं म्हणून कामगारांत स्पर्धा लावली, बक्षीस घरी केलेल्या वाइनची बाटली. शेवटी पसंत पडलं ते त्याचं स्वतःचंच नाव. डॅनिश भाषेत छान खेळ अशा अर्थाचे दोन शब्द आहेत, त्यांची पहिली अक्षरं जुळवून लेगो. बाटली बहुधा त्यानेच रिकामी केली असावी. त्याच वर्षी त्याने सोफीशी लग्न केलं. पुढे एक मुलगी झाली.

या काळातली एक गोष्ट बिलुंडमध्ये अजून सांगतात. दोरीने ओढायच्या लाकडी बदकांना वॉर्निशचे तीन हात द्यायची पद्धत होती. पोरगेल्या गोटफ्रेडने एका खेपेला दोनच हात दिले, माल खोक्यांत भरून स्टेशनावर पोचवला आणि बापाला आनंदाने सांगितलं की एवढे पैसे वाचवले. बापाने त्याला तसाच परत पाठवला. खोकी आणायची, उघडायची, प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायचा आणि पुन्हा भरून पोचवायचं, आणि हे सगळं एकट्याने. पोराने रात्रभर जागून केलं. चांगल्यातलं चांगलंच पुरेसं, अशा अर्थाची पाटी पुढे याच मुलाने लाकडात कोरून कारखान्यात लावली.

१९४२ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कारखाना पुन्हा जळाला. लाकूड, तयार माल, नमुने, आराखडे सगळं खाक झालं. या वेळी मात्र तो खचला होता. वय पन्नाशीचं. पण कामगारांची घरं या कारखान्यावर चालत होती. त्याने पुन्हा बांधला.

आणि मग चार वर्षांनी, हात लाकडात मुरलेल्या या माणसाने कोपनहेगनला प्लॅस्टिक साच्यात ओतणारं एक ब्रिटिश यंत्र पाहिलं आणि तीस हजार क्रोनरला विकत घेतलं. घरच्यांना ते वेड वाटलं. यंत्र हाती यायलाही १९४७ उजाडलं. यंत्राबरोबर नमुन्यादाखल काही छोट्या पोकळ विटा मिळाल्या होत्या, डोक्यावर गोल गाठी असलेल्या. त्या होत्या हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या किडीक्राफ्ट कंपनीच्या. बापलेकांनी त्यांत थोडे फेरफार केले आणि १९४९ मध्ये आपल्या विटा बाजारात आणल्या.

हे पान बरेच लोक भरभर उलटतात. मला ते उलटवत नाही. पेजने ब्रिटनमध्ये त्या विटांचं पेटंट घेतलं होतं. डेन्मार्कमध्ये त्याचा अंमल नव्हता, म्हणून कायद्याने गुन्हा नाही. पेजने १९५७ मध्ये आत्महत्या केली. कारणं वेगळी होती. डेन्मार्कमध्ये आपल्या विटांचं काय झालं, हे त्याला कळलंच नव्हतं, असं त्याच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. लेगोने किडीक्राफ्टच्या विटेचे हक्क विकत घेतले ते १९८१ साली. दोन हातांच्या वॉर्निशने ज्याला झोप येईना, त्या माणसाला या उधारीबद्दल काय वाटत होतं, याची नोंद कुठे नाही.

सुरुवातीला त्या विटा खपल्याही नाहीत. दुकानदार खोकी परत पाठवत. दोष विटेतच होता. वर गाठी, खाली पोकळ. एकीवर एक बसे, पण धरून राहत नसे. पोरांनी बांधलेलं घर उचललं की कोसळे. १९५५ मध्ये गोटफ्रेडने सगळ्या विटांची मिळून एक शिस्तबद्ध मांडणी तयार केली, प्रत्येक वीट दुसरीशी जुळलीच पाहिजे अशी. १९५७ मध्ये कारभार त्याच्या हाती आला. धरून राहण्याचा प्रश्न मात्र २८ जानेवारी १९५८ ला सुटला. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवल्या. खालच्या विटेच्या गाठी नळी आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट अडकतात, आणि तरी पोराच्या बोटांनी सुटतात. त्या दिवशी पेटंटचा अर्ज गेला.

ओले कर्क ११ मार्चला गेला. म्हणजे सहा आठवडे. तो सहासष्ट वर्षांचा होता. पुढचं त्याने काहीच पाहिलं नाही. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली आणि गोटफ्रेडने लाकूड कायमचं बंद केलं. दोन भाऊ त्यानंतर धंद्यातून वेगळे झाले. १९६४ मध्ये त्या माळरानावर विमानतळ झाला, १९६८ मध्ये लेगोलँड. आठ गाठींच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हे गणित तर फारच नंतरचं. १९५८ च्या त्या विटेवर आज दुकानातून आणलेली वीट बसते. मी एकदा एका संग्राहकाकडे बसवून पाहिली आहे. त्याने माझ्या हाताकडे असं पाहिलं की मी ती लगेच परत दिली.

२०२० मध्ये बिलुंडच्या लेगो हाऊसने मोठ्यांसाठी एक खोकं काढलं. विटा जोडून करायचं ते लाकडी बदक, चाकांसकट. ते फक्त तिथेच मिळायचं. मुलाच्या एका मित्राने येताना माझ्यासाठी आणलं. दोन संध्याकाळी बसून मी ते जोडलं. ओढलं की चालतं, चोचही हलते. वॉर्निश अर्थातच नाही. सध्या ते कपाटावर आहे, शेजारी वीतभर लांबीची बैलगाडी. तिच्या एका चाकाची धाव सैल झाली आहे. ती बसवून देणारा सुतार मी शोधतो आहे.