ध्वनीला मोजमाप लावणारे शास्त्रज्ञ : वॉलेस सेबाइन

ज्या गोष्टींचा उपयोग आपण नित्य करितो, त्यांच्यामागे कोणाचे श्रम आहेत ह्याचा विचार आपणांस क्वचितच सुचतो. एखाद्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसूनही वक्त्याचा शब्द न् शब्द ऐकू यावा, आणि दुसऱ्या तितक्याच भव्य सभागृहात पुढे बसूनही नुसता गोंगाट कानी पडावा, असे का व्हावे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ह्या प्रश्नाचे निश्चित उत्तर कोणापाशीही नव्हते. सभागृह चांगले वठले तर सुदैव, बिघडले तर दुर्दैव, अशीच बांधणारांची समजूत असे. बिघडलेल्या सभागृहात कोणी छताखाली तारा ताणून बांधीत, परंतु त्यांचा उपयोग होत नसे. ह्या अंधारात ज्यांनी प्रथम दिवा लाविला, त्या वॉलेस क्लेमंट सेबाइन ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

सेबाइन ह्यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो संस्थानात रिचवुड ह्या गावी १३ जून १८६८ रोजी झाला. त्यांची बुद्धी लहानपणापासूनच तीव्र होती. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, १८८६ साली, ते ओहायोच्या विश्वविद्यालयाचे पदवीधर झाले. पुढील अभ्यासासाठी ते हार्वर्ड विश्वविद्यालयात गेले व तेथेच पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. डॉक्टर ही पदवी त्यांनी कधीच मिळविली नाही. शिकविण्याची त्यांना मनापासून आवड होती.

१८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातील व्याख्यानगृह दिसावयास सुंदर होते, परंतु त्यात व्याख्यान ऐकणे अशक्य होऊन बसले. उच्चारलेला शब्द रिकाम्या दालनात साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. एवढ्या अवकाशात वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जाई, आणि सर्व शब्द एकमेकांत मिसळून अर्थ नाहीसा होई. हा दोष दूर करण्याचे काम अध्यक्ष एलियट ह्यांनी तरुण सेबाइनवर सोपविले. अनेक अनुभवी लोकांना जे साधले नव्हते, ते ह्या सत्तावीस वर्षांच्या शिक्षकाने पत्करिले.

जवळच सँडर्स थिएटर नावाचे सभागृह होते. तेथील श्रवण उत्तम असे. तेथील बाकांवरील गाद्या फॉगच्या दालनात आणून ठेवल्यास काय होते, हे पाहण्याचे सेबाइन ह्यांनी ठरविले. दिवसा रहदारीच्या आवाजामुळे सूक्ष्म ऐकणे शक्य नव्हते. म्हणून मध्यरात्रीनंतर ते आपल्या साहाय्यकांसह गाद्या उचलून आणीत, प्रयोग करीत, आणि सकाळ होण्यापूर्वी त्या पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवीत. दर सेकंदास ५१२ कंपने होणारी ऑर्गनची एक नळी वाजवावयाची, ती एकदम बंद करावयाची, आणि घुमणारा नाद कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ यंत्राने टिपावयाचा, असा तो प्रयोग होता. जसजशा गाद्या वाढत, तसतसा नादाचा काळ कमी होई.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट ह्याच काळात घडली. पुष्कळ महिने काम झाल्यावर सेबाइन ह्यांच्या ध्यानात आले की, निरीक्षकाच्या अंगावरील कपडेही थोडा ध्वनी शोषून घेतात, आणि त्यामुळे आकड्यांत अल्पसा फरक पडतो. हा फरक इतका लहान होता की, दुसऱ्या कोणास तो कळलाही नसता. तथापि सेबाइन ह्यांनी तीन हजारांहून अधिक निरीक्षणे रद्द केली, आणि पुढे प्रत्येक प्रयोगाच्या वेळी तेच कपडे घालून काम पुन्हा आरंभिले! रात्रीमागून रात्री जागून मिळविलेले ते आकडे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या त्यागाची किंमत कळते.

पुढे फॉगच्या भिंतींवर नमदा लावून ते दालन उपयोगात आणण्याजोगे झाले. परंतु ह्या सर्व आकड्यांमागील नियम अद्याप सापडला नव्हता. १८९८ साली बोस्टन शहरात नवे संगीतगृह बांधावयाचे ठरले, तेव्हा एलियट ह्यांनी सेबाइन ह्यांचे नाव सुचविले. नियम हाती नसता सल्ला देणे त्यांना प्रशस्त वाटेना. ते आपली टिपणे पुनःपुन्हा चाळू लागले, आणि त्या शरद ऋतूतील एका रात्री त्यांना उलगडा झाला. नाद टिकण्याचा काळ आणि दालनातील एकूण शोषण ह्यांचा गुणाकार कायम असतो, आणि तो दालनाच्या घनफळाच्या प्रमाणात असतो. हा आनंद त्यांनी प्रथम आपल्या मातोश्रींस सांगितला असे म्हणतात.

हा नियम आपल्या मुलांनाही समजण्यासारखा आहे. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी हे शोषणाचे माप त्यांनी धरिले. घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६ ने गुणावे व एकूण शोषणाने भागावे, म्हणजे सेकंद मिळतात. १००० घनमीटरांच्या दालनात शोषण १०० असेल, तर नाद १.६ सेकंद टिकेल. इमारत उभी राहण्यापूर्वीच तिचा गुणदोष कागदावर काढता येऊ लागला, ही केवढी क्रांती!

बोस्टनच्या संगीतगृहासाठी जर्मनीतील लाइपत्सिग येथील प्रसिद्ध संगीतगृहाचा नमुना पुढे होता. परंतु तेच सर्व बाजूंनी सरसकट वाढविले, तर घनफळ दुप्पट होऊन नाद फार लांबेल, हे सेबाइन ह्यांनी गणिताने दाखविले व मापे बदलविली. १५ ऑक्टोबर १९०० रोजी ते गृह उघडले. आरंभी कित्येक टीकाकारांनी त्यास नावे ठेविली, परंतु पुढे जगातील सर्वोत्कृष्ट संगीतगृहांत त्याची गणना होऊ लागली. आपल्या कामाची ही कीर्ती पाहणे सेबाइन ह्यांच्या नशिबी नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानविद्येच्या कामी अविश्रांत परिश्रम केले, दुखणे अंगावर काढिले, आणि १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांचे निबंध १९२२ साली ग्रंथरूपाने निघाले. शोषणाच्या एका मापास आज सेबिन हे नाव आहे. १९८० साली मुंबईत उघडलेल्या टाटा थिएटरची ध्वनिरचना सिरिल हॅरिस ह्या अमेरिकन तज्ज्ञांनी केली. तीही सेबाइन ह्यांनी घातलेल्या ह्याच शास्त्राच्या पायावर उभी आहे.

प्रयोगशाळेत एखादा आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर तो हळूच बदलण्याचा मोह आमच्या विद्यार्थ्यांना होतो, हे आम्ही जाणतो. पालकही पुष्कळदा गुणांचीच विचारपूस करितात. अशा वेळी त्या तीन हजार रद्द केलेल्या निरीक्षणांची आठवण घरी आणि शाळेत व्हावी. सेबाइन ह्यांनी तेवढा फरक दृष्टीआड केला असता, तर त्यांस कोणीही दोष दिला नसता. परंतु मग त्यांच्या नियमावर दुसऱ्या कोणास विसंबून इमारती बांधता आल्या नसत्या.