विश्लेषण : पां. म. बापट ‘सेनापती’ कसे झाले? मुळशीच्या जमिनीचा लढा का हरला?

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, मुंबईत दादर ते लोअर परळ पट्ट्यात सेनापती बापट मार्ग आहे. दोन्हीकडे रोज लाखभर गाड्यांची कोंडी होत असेल. पण हे सेनापती नेमक्या कोणत्या फौजेचे, असा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. ती फौज होती मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची. शंभर वर्षांपूर्वी धरणात जाणारी भातखाचरे वाचवण्यासाठी ते बांधकामाच्या जागेवर बसले. हा लढा हरला, धरण झाले, गावे बुडाली. तरीही जमीन, विकास आणि भरपाई यांवरचा आजचा प्रत्येक वाद मुळशीपाशी येऊन थांबतो. असे का?

मुळशीपूर्वी बापट काय करत होते?

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये इंग्लंडला गेले आणि एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात यंत्र अभियांत्रिकी शिकू लागले. म्हणजे पुढे धरणाला विरोध करणारा हा माणूस यंत्रांना घाबरणारा नव्हता. त्याला इंजिनीअरच व्हायचे होते.

ब्रिटिश राजवटीवर उघड टीका केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये त्यांचा सावरकरांशी संबंध आला. पुढे पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याचे तंत्र त्यांनी समजून घेतले. बंगालचे हेमचंद्र दास तेव्हा त्यांच्याबरोबर होते. १९०८ मध्ये बापट भारतात परतले आणि त्याच वर्षी कलकत्त्यातील माणिकतळा बॉम्ब प्रकरण उघडकीस आले. त्यात नाव आल्याने ते सुमारे चार वर्षे भूमिगत राहिले. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुरेसा पुरावा नसल्याने सुटले.

त्यानंतर ते पारनेरला आले आणि हातात झाडू घेऊन गावचे रस्ते साफ करू लागले. मुलाच्या जन्मानंतर घरच्या भोजनाचा पहिला मान त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मंडळींना दिला. मुंबईत झाडूवाल्यांच्या संपात ते त्यांच्या बाजूने उभे राहिले, अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी फिरले. वयाच्या चाळिशीत ते मुळशीला पोहोचले, तेव्हा ही सगळी शिदोरी त्यांच्यापाशी होती.

मुळशीत धरण कशासाठी हवे होते?

मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस पडतो आणि माथ्याच्या पश्चिमेला कोकणात सरळ कडा उतरतो. माथ्यावर पाणी अडवायचे आणि ते बोगद्यातून व नळांतून कड्याखाली सोडून वीज करायची, अशी टाटांची कल्पना होती. लोणावळ्याच्या तलावांवरील खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले होते. मुळशीची योजना त्याच मालिकेतली. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी भिऱ्याला उतरवायचे होते. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

हेतू वाईट होता असे कोणी म्हणू शकत नव्हते. कोळशाचा धूर कमी होणार होता, उद्योग वाढणार होता आणि कंपनी भारतीय भांडवलाची होती. स्वदेशीचा पुकारा करणाऱ्या अनेक पुढाऱ्यांची पंचाईत झाली ती इथेच. परक्या सरकारविरुद्ध लढणे सोपे होते. आपल्याच माणसाच्या कारखान्याला नाही म्हणायचे कसे?

विरोध कोणाचा आणि कशाला होता?

धरणाच्या पाण्याखाली मुळशी पेट्यातील सुमारे ५० गावांची जमीन जाणार होती. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे, काठावर वस्त्या, वर गायरान आणि रान. यातली सपाट, ओलाव्याची जमीन तेवढी खाचरांची. तीच आधी बुडणार होती. डोंगरउतारावर नाचणी, वरई होईल, पण भात कुठून आणायचा?

मुंबई सरकारने कंपनीसाठी १८९४चा भूसंपादन कायदा वापरला. या कायद्यानुसार जमिनीची बाजारभावाने किंमत आणि त्यावर १५ टक्के वाढीव रक्कम मिळायची. पर्यायी जमीन देण्याचे बंधन नव्हते, गावकऱ्यांची संमतीही लागत नव्हती. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांना काय वाढून ठेवले आहे ते कळले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून मावळ्यांना एकत्र केले. प्राण गेले तरी जमीन सोडायची नाही, अशी शपथ लोकांनी घेतली.

पहिला सत्याग्रह कसा झाला?

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे १२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. त्यांत बायका आणि मुलेही होती. मजुरांना काम करता येईना. असहकाराचे वारे देशभर वाहत होते आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी ते इथे आपल्या बांधापर्यंत आणले होते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’मधून या लढ्याला पाठिंबा दिला आणि टाटांना फेरविचार करण्यास सांगितले. काम काही महिने थांबले.

लढा तेव्हाच जिंकला असे अनेकांना वाटले असेल. पण डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. या वेळी सरकार तयारीत होते.

एकजूट का फुटली?

मुळशीची गोष्ट इथे कळीच्या ठिकाणी येते. जमीन कसत होते मावळे, पण कागदावर त्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कर्जापोटी ती गहाण पडली होती किंवा विकली गेली होती. कसणारा स्वतःच्या आजोबांच्या शेतात कूळ म्हणून राबत होता.

आता भरपाई कोणाला मिळणार? ज्याचे नाव कागदावर, त्याला. सावकाराच्या दृष्टीने धरण हा तोटा नव्हता. डोंगरात अडकलेले भांडवल रोख रकमेत परत येत होते. म्हणून सुरुवातीला विरोधात असलेल्या जमीनमालकांचा कल हळूहळू चांगली किंमत मिळवण्याकडे वळला. लढ्यात दोन तट पडले. एक म्हणे, धरण होणारच आहे तर मोबदला वाढवून घ्या. दुसरा म्हणे, जमीनच द्यायची नाही. दुसऱ्या तटाचे पुढारी बापट होते.

पुढाऱ्यांतही एकमत नव्हते. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले होते. टिळकपंथीय आणि गांधीवादी यांच्यात महाराष्ट्रातील राजकारणाची सूत्रे कोणाकडे, याची ओढाताण चालू होती. तिची झळ मुळशीलाही लागली. शहरातील सभा ओसरल्या. खोऱ्यात मात्र माणसे बसूनच होती.

बापटांनी रेल्वे का अडवली?

दुसऱ्या टप्प्यात बापट, भुस्कुटे, शंकरराव देव आणि अनेक मावळ्यांनी तुरुंगवास भोगला. बायकाही तुरुंगात गेल्या. बापटांची लोकांत राहण्याची आणि सर्वांच्या पुढे उभे राहण्याची रीत पाहून ‘सेनापती’ हे नाव त्यांना इथेच मिळाले. सरकारने किंवा संस्थेने दिलेली ही पदवी नव्हे.

१९२४ पर्यंत धरणाचे काम बरेच पुढे गेले होते. माणसे थकली होती, पैसे घेऊन निघून जाणाऱ्यांची संख्या वाढत होती. ९ डिसेंबर १९२४ रोजी बापट मोजक्या साथीदारांसह कंपनीच्या रेल्वेमार्गावर गेले, रुळांवर दगड रचले आणि हातात तलवार, कमरेला पिस्तूल अशा वेशात गाडीसमोर उभे राहिले. काम संपल्यावर ते पळाले नाहीत; स्वतःला अटक करवून घेतली.

हा सत्याग्रह म्हणायचा का, यावर तेव्हाही वाद झाला. बापटांची यामागे स्वतःची मांडणी होती आणि तिला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. कृती उघडपणे करावी, मनात द्वेष नसावा आणि परिणाम स्वतः भोगावा. एवढे असेल तर शस्त्र हाती आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो, असे त्यांचे मत होते. गांधीजींच्या अहिंसेत ते बसणारे नव्हते. पॅरिसला बॉम्बविद्या शिकलेला तरुण आणि पारनेरचे रस्ते झाडणारा सेवक, हे दोघे त्या दिवशी एकाच रुळावर उभे होते.

याबद्दल त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. ती त्यांनी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात भोगली. ते १९३१ मध्ये सुटले, तेव्हा मुळशीचा तलाव भरून चार पावसाळे झाले होते. भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ पासून चालू होते.

त्यानंतर त्यांनी काय केले?

वय पन्नाशी ओलांडलेले, हातात पराभव. एखादा थांबला असता. बापट सुटल्यावर लगेच महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसच्या कामात उतरले, सरकारविरोधी भाषणांबद्दल पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि १९३७ मध्ये ते बाहेर आले. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम त्यांनी महाराष्ट्रात केले. निजामाच्या राज्यातील नागरी हक्कांच्या लढ्यात ते उतरले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

स्वातंत्र्यानंतरही त्यांनी विश्रांती घेतली नाही. मे १९५५ मध्ये पोर्तुगीज राजवटीविरुद्ध गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या तुकडीत नानासाहेब गोरे यांच्याबरोबर ७४ वर्षांचे बापट होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. योगी अरविंदांच्या लेखनाचे मराठी भाषांतर त्यांनी केले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हरलेल्या लढ्यातून काय उरले?

अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा सविस्तर इतिहास लिहिला आणि जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हणून त्याची नोंद केली. पण पहिलेपणाचा मान एवढीच मुळशीची किंमत नाही. या लढ्याने तीन प्रश्न उघडे केले आणि त्यांची उत्तरे यायला अनेक दशके लागली.

एक, जमीन कोणाची : नाव असलेल्याची की कसणाऱ्याची? स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कूळकायद्याने आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला मालक होण्याची वाट दिली. मुळशीच्या कुळांना ती मिळाली नाही.

दोन, पैसे दिले की हिशेब संपतो का? प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, तो देशातील पहिला. जमीन गेलेल्याला जमीन आणि गावठाण मिळावे, हे तत्त्व तेव्हा कायद्यात आले. मुळशीची गावे उठली त्याला तोवर अर्धे शतक होत आले होते.

तीन, लोकांना विचारायचे की नाही? १८९४चा कायदा स्वतंत्र भारतातही तब्बल साडेसहा दशके चालू राहिला. त्याच्या जागी आलेला २०१३चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास त्यात आवश्यक ठरवण्यात आला. जमिनीवर पोट असलेली कुळे आणि शेतमजूर यांनाही बाधित कुटुंबांत धरले गेले. अर्थात कायद्यात अपवादही आहेत आणि अंमलबजावणीवर वाद सुरूच असतात.

आजच्या वाचकाने यातून काय घ्यावे?

गावचे गायरान, शहरातले मैदान, टेकडी किंवा खाडीकाठची मोकळी जागा वाचवण्यासाठी आज लोक एकत्र येतात, तेव्हा पहिली सभा मोठी होते. मुळशीचीही झाली होती. खरी परीक्षा नंतर येते. जागेच्या कागदावर कोणाचे नाव आहे, प्रकल्प झाला तर कोणाला पैसे मिळणार आणि कोणाच्या वाट्याला फक्त उठून जाणे येणार, याची उत्तरे सुरुवातीलाच नीट समजून घेतली नाहीत, तर एकजूट आतूनच सुटते. सातबारा वाचणे हे घोषणा देण्याइतकेच आंदोलनाचे काम आहे.

पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या हजारो गाड्या मुळशीच्या तलावाकाठी थांबतात, फोटो काढले जातात. त्या पाण्याखाली भातखाचरे आहेत. आणि त्या पाण्यावर तयार झालेल्या विजेने ज्या गिरण्या चालल्या, त्यांच्याच पट्ट्यातून आज सेनापती बापट मार्ग जातो.